खंदक चारची हाक

मित्रांनो, पडद्यावर आडवा तडा गेलेला आणि पोट फुगल्यामुळे कमरेस रबर बँड बांधलेला एक मोबाइल आपले जीवन तुमच्यापुढे कथन करीत आहे. पुस्तकांत मला भ्रमणध्वनी असे भारदस्त नाव आहे. परंतु माझे भ्रमण आता संपले असून ध्वनी तर त्याच्याही आधी गेला. दिल्ली छावणीतील एका सरकारी क्वार्टरमध्ये, टीव्हीखालच्या खणात, उरलेल्या पणत्या आणि बंद पडलेली बॅटरी यांच्या शेजारी सांप्रत माझा मुक्काम आहे. माझ्या मनात संताप साठलेला आहे. तो कोणावर काढावा हे मला अद्याप ठरविता आलेले नाही, सबब तुम्हांस सांगतो.

माझा जन्म नोएडाच्या एका कारखान्यात झाला. तेथे निळी टोपी घातलेल्या एका मुलीने मला आणि माझ्यासारख्याच दुसऱ्या मोबाइलला शेजारी शेजारी ठेवले. कोणतीही तार नव्हती. तरीही तिने खूण करताच माझ्यातील एका फुलाचे चित्र हवेतून शेजाऱ्याकडे गेले. त्याने ते घेतले. मुलीने मान डोलावून मला खोक्यात घातले. म्हणजे पाहा, या जगातील माझे पहिले कार्य बोलणे हे नव्हते, फोटो काढणे हेही नव्हते. शेजारी बसलेल्यास काही तरी देणे, हे होते. ज्याची सुरुवात अशी झाली, त्याच्या वाट्यास पुढे काय यावे!

राजवीर नावाच्या एका जवानाने मला आपल्या वडिलांसाठी विकत घेतले. वडिलांचे नाव मारुतराव. तेही फौजेतच हवालदार होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. मूळचे साताऱ्याकडचे, परंतु पत्नी वारल्यानंतर ते छावणीत मुलाकडे राहावयास आले. घरात राजवीरची पत्नी अर्पिताताई आणि कन्या निधी. मारुतरावांनी गावाहून येताना एक हलगी तेवढी आणली होती. ताटाएवढ्या कड्यावर ताणून बसविलेले ते चामडे दोन काड्यांनी वाजविले की लेझीम खेळणाऱ्यांचे पाय आपोआप उचलत असत.

मी घरात आल्यावर थोड्याच दिवसांत छावणीत मोबाइलच्या सुरक्षिततेवर एक व्याख्यान झाले. आपल्या मोबाइलचे नाव आसपासच्या मोबाइलांच्या यादीत दिसत असते, त्यावरून परका माणूस आपणांस ओळखू शकतो, आणि अनोळखी नावाने आलेली वस्तू कदापि स्वीकारू नये, असे तेथे सांगण्यात आले. सांगणाऱ्याचे काहीच चुकले नव्हते. मारुतराव घरी आले, चष्मा लावून बसले आणि त्यांनी माझे नाव बदलले. ‘मारुतराव’ पुसून तेथे ‘खंदक चार’ असे लिहिले. तरुणपणी सीमेवर ज्या खंदकात ते पहाऱ्यास असत, त्याचा तो क्रमांक होता. कोणत्याही शत्रूस त्यावरून काही कळणार नाही, याचे त्यांना मोठे समाधान वाटले.

काही वर्षांनी ते हे नाव साफ विसरले. मित्रांनो, येथून माझ्या दुःखास प्रारंभ होतो.

परंतु आधी सुखाचे दिवस सांगितले पाहिजेत. क्वार्टरबाहेर कडुनिंबाखाली एक खाट असे. संध्याकाळी तेथे मारुतरावांचे सोबती जमत. कोणाकडे गावच्या जत्रेचा व्हिडिओ असे, कोणाकडे भजन, कोणाकडे पुतणीच्या लग्नाचे फोटो. दोन मोबाइल खाटेवर पाठीला पाठ लावून ठेवावयाचे आणि चहा घ्यावयाचा. चहा संपेपर्यंत भजन इकडून तिकडे गेलेले असे. मधेच कोणी उठला तर सगळे ओरडत, “अरे बस, तुटेल!” म्हणून तो पुन्हा बसे. त्या काळी मोबाइल शेजारी ठेवावयाचे तर माणसांनाही शेजारी बसावे लागत होते. मला माझ्या हयातीचा अभिमान वाटला तो तेव्हा.

एका गणेशोत्सवात मारुतरावांनी कागद पेटवून हलगी शेकली आणि मंडपासमोर लेझीमचे सगळे डाव एकामागून एक वाजविले. राजवीर मला हातात धरून उभा होता. तो सबंध ठेका मी माझ्यात साठवून घेतला. लोक मागू लागले, “हवालदारसाहेब, आम्हांलाही पाठवा की!” त्यावर मारुतराव म्हणाले, “तिसऱ्या डावात काडी घसरली माझी. असला माल देत नसतो मी. पुढच्या सालाला याहून भारी वाजवतो, तेव्हा घ्या.”

पुढचे साल आले. त्याच्याआधी हिवाळ्यात मारुतरावांना पक्षाघात आला. वाचा वाचली, पाय सावरला, पण उजवा हात गेला तो गेला. हलगी खिळ्याला टांगली गेली. त्या हाताचा ठेका जगात आता एकाच ठिकाणी उरला होता, आणि ते ठिकाण म्हणजे मी.

अशा वस्तूस जपावे की नाही? होळीच्या दिवशी मी अंगणात राहिलो आणि रंगाचे पाणी माझ्या आवाजाच्या जाळीत आणि कानास लावण्याच्या तारेच्या छिद्रात गेले. तेव्हापासून मी मुका आहे. चार्जिंगची तार एका विशिष्ट कोनात दाबून धरली तरच वीज आत येते आणि त्या वाटेने दुसरे काही बाहेर जात नाही. पडद्याचा खालचा भाग काळा पडला असून बोटासही दाद देत नाही. निरोप पाठविण्याच्या ज्या हिरव्या सोयीवर सारे जग चालते, तिने मला जुना ठरवून दार लावून घेतले. राहता राहिली ती माझी जन्मजात विद्या, म्हणजे शेजारच्यास हवेतून देणे. ती शाबूत होती. तिचाच माझ्या घरच्यांनी काय मान राखला, तो आता ऐका.

दिल्लीच्या आसपासची काही मराठी मंडळी संक्रांतीच्या दिवशी बस करून पानिपतास जातात आणि तेथील स्मारकापुढे नमस्कार करून लेझीम खेळतात. या वर्षी राजवीर सीमेवर होता, आणि छावणीतल्या बायकांचे आणि मुलींचे पथक अर्पिताताईंनी उभे केले होते. बस आणि मोठा स्पीकर यांची जबाबदारी फरीदाबादच्या उन्मेष नावाच्या इंजिनिअरकडे होती. तो घरी येऊन म्हणाला, “काका, हलगीवाला कुठून आणायचा इथे? मी मस्त रेडीमेड ट्रॅक शोधलाय. बेस ऐका नुसता, छाती हलते.”

“छाती हलंल रे,” मारुतराव म्हणाले. “पण लेझीम छातीनं खेळत नाहीत. त्या धाडधाडीवर पोरी नाचणार असतील तर मी येत नाही.”

“बाबा, असं काय करता? दरवर्षी जाता ना तुम्ही!” अर्पिताताई म्हणाल्या.

“दरवर्षी वाजवायला जायचो. आता काय, नुसता बघायला येऊ?”

मग निधीला मी आठवलो. तिने खण उघडला, रबर बँड लावला आणि मला तारेसकट आजोबांच्या मांडीवर ठेवले. मी उजळलो. ‘गणपती हलगी’ ही फाइल तेथे होती. मारुतरावांनी डाव्या हाताने डोळे पुसले आणि म्हणाले, “सूनबाई, ही निघाली तर मी येतो.”

दुसऱ्या दिवशी अर्पिताताईंनी मला सरोजिनी नगरच्या बाजारात नेले. तेथील दुरुस्तीवाल्याने मला उलटेपालटे करून पाहिले आणि मोठ्या गंभीरपणे म्हणाला, “मैडम, इसको खोला तो ये गया समझो. मेरी मानो, फ्रेम करा के दीवार पे टाँग लो.” मित्रांनो, हलगी एका खिळ्यावर, मी दुसऱ्या खिळ्यावर!

यास्तव हवेतूनच पाठविण्याचे ठरले. अर्पिताताईंचा मोबाइल महागडा आहे आणि तो आपल्या घराण्याबाहेरच्या कोणाशी व्यवहार करीत नाही. मी त्यास कित्येक हाका मारल्या. त्याने मान वळविली नाही. निधीचा साधा मोबाइल मात्र माझ्या यादीत दिसला. अर्पिताताईंनी फाइल निवडली, निधीच्या नावावर बोट टेकविले, आणि माझा पडदा काळा पडला. वयोमानाने मला कामास वेळ लागतो आणि काम करताना उजेडही पेलवत नाही. त्यांना वाटले, मी अडकलो. मला टेबलावर ठेवून त्या पोहे करावयास गेल्या. माझी हाक निधीच्या मोबाइलवर पोहोचली ती त्यानंतर.

“मम्मी, ये खंदक चार कौन है? काहीतरी पाठवतंय मला.”

मारुतराव खुर्चीतून निम्मे उठले. “खंदक? कोण खंदक?”

“पता नहीं, आजोबा. अ‍ॅक्सेप्ट करू?”

“खबरदार! छावणीत बसून खंदकाच्या नावानं माल पाठवतोय, म्हणजे काळंबेरं आहे. आपला माणूस असलं नाव लावंल का? नाकार!”

“पण एक बार बघू तरी—”

“फौजीच्या घरात ‘बघू तरी’ नसतं, निधे. नाकार म्हणतो ना!”

निधीने नाकारले. मित्रांनो, हे नाव लावणारे गृहस्थ हेच! मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर पडलो होतो. त्यांचीच वस्तू त्यांनाच देत होतो. आणि ते मला शत्रू समजत होते. मला कंठ असता तर मी त्या दिवशी छावणी दणाणून सोडली असती.

हा प्रकार एकदा होऊन थांबला असता तरी मी सहन केले असते. परंतु रोज संध्याकाळी मला तार लावून उजळविण्यात येई, माझ्यावर बोट टेकविण्यात येई, मी जीव एकवटून हाक मारी, आणि तीच आरोळी उठे. “आला बघ पुन्हा! नाकार!” माझ्यावर ‘मारुतराव’ असे नाव असणार, असे सर्व गृहीत धरून होते, आणि ते नाव यादीत येत नाही म्हणून मलाच दूषणे देत होते. पडद्याचा जो भाग मेला होता, तेथेच माझे नाव दिसत असे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मारुतरावांनी नवाच शोध लावला. त्या खंदकवाल्याच्या लहरी मधे येतात म्हणून आपला मोबाइल बिचारा पोहोचत नाही, असे त्यांचे मत झाले. त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. शेजारच्या सुभेदारांकडे जाऊन, तुमच्या घरात खंदक कोण आहे, असेही विचारून आले. मला बिचारा म्हणत होते आणि मलाच शिव्या देत होते. कोणत्या तोंडाने रागवावे आणि कोणत्या तोंडाने गहिवरावे, हे मला कळेना.

इकडे माझे पोट अधिकच फुगत चालले होते. तार लावूनही आता मी थोडा वेळच जागा राहत होतो.

संक्रांत आली. “येत नाही” म्हणणारे मारुतराव सकाळी कोट घालून, मला खिशात टाकून, सर्वांच्या आधी बसमध्ये जाऊन बसले. “वाटेत एक शेवटचा प्रयत्न करू,” एवढेच म्हणाले. बाहेर धुके इतके दाट होते की पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. बस सरपटत निघाली. तिळाचे लाडू वाटले गेले. उन्मेष म्हणाला, “काका, टेन्शन नको. तुमचं नाही आलं तर आपला ट्रॅक आहेच.”

“तोच तर टेन्शन आहे,” मारुतराव म्हणाले.

शहर मागे पडल्यावर अर्पिताताईंनी मला निधीच्या पॉवर बँकेला जोडले, मारुतरावांनी डाव्या हाताने तार कोनात दाबून धरली, आणि पुन्हा तोच विधी झाला. मी काळा पडलो. मी हाक मारली.

“आजोबा!” निधी किंचाळली. “खंदक चार यहाँ भी है! बसमध्ये!”

सारी बस दचकली. मारुतराव उभे राहिले. त्यांच्या आवाजात जुना हवालदार आला. “माणूस आपल्यात आहे. सगळ्यांनी आपापला ब्लूटूथ बंद करायचा. बंद केला की मोठ्यानं ‘बंद’ म्हणायचं. पुढच्या बाकापासून सुरू!”

“बंद.” “बंद.” “बंद, काका.” अर्पिताताई म्हणाल्या, “बंद, बाबा.” उन्मेष कुरकुरला, “बंद. आणि माझा स्पीकरपण बंद, आता खूश?” ड्रायव्हर आरशातून पाहत म्हणाला, “ताऊ, मेरा तो बटन वाला सै. इसमें तो साँप वाला गेम सै बस.” सगळे हसले. हजेरी शेवटच्या बाकापर्यंत गेली. निधीने पुन्हा यादी उघडली. यादीत एकच नाव होते. खंदक चार.

“आजोबा,” निधी हळूच म्हणाली, “आता फक्त तुमच्या हातातला राहिला.”

“तो कशाला? तो आपलाच आहे.”

“तरीपण. हजेरी म्हणजे हजेरी, तुम्हीच म्हणता.”

अर्पिताताईंनी माझ्या पडद्याच्या माथ्यावरची ब्लूटूथची खूण दाबून बंद केली. यादीतले नाव गेले. त्यांनी ती पुन्हा चालू केली. थोड्या वेळाने नाव परत आले. त्यांनी पुन्हा बंद केली, पुन्हा गेले.

“म्हणजे घुसपैठिया आजोबांच्या खिशात!” निधी ओरडली, आणि बस अशी हसली की ड्रायव्हरने गाडी हळू केली.

मारुतराव हसले नाहीत. त्यांनी मला चष्म्याजवळ नेले. “चार नंबर,” ते म्हणाले. “माझाच खंदक. मीच नाव घातलं होतं.” मग निधीकडे वळून म्हणाले, “पोरी, त्या खंदकात सुद्धा, समोर दुश्मन असताना, आधी विचारायचो: थम, कौन आता है? उत्तर ऐकल्याबिगर बंदूक उचलत नव्हतो. आणि घरात बसून एकदाही विचारलं नाही मी.”

“पाठवू पुन्हा?” अर्पिताताईंनी विचारले.

“पाठव. मी नाकारला, मीच घेतो.”

माझ्यात आता फारसे त्राण उरले नव्हते. मी हाक मारली. निधीने आपला मोबाइल आजोबांपुढे धरला. त्यावर दोन चौकोन होते, एक स्वीकारण्याचा आणि एक नाकारण्याचा. मारुतरावांचा डावा हात तार दाबण्यात गुंतलेला होता. “मी दाबते ना,” निधी म्हणाली. पण त्यांनी मान हलविली आणि तो निजलेला उजवा हात खांद्याच्या जोरावर वर उचलला. अंगठा थरथरत पुढे आला, भलत्याच चौकोनावर घसरला, आणि मी पुन्हा एकदा नाकारला गेलो.

बसमध्ये कोणीतरी “अरेरे” म्हटले. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या संतापास सीमा राहिली नाही. परंतु संताप करण्याइतकीही वीज माझ्यात नव्हती. जी होती ती मी एका हाकेत घातली. या वेळी निधी मदतीस आली, पण तिने आजोबांचा अंगठा धरला नाही. फक्त मनगटाखाली आपला तळहात ठेवला. अंगठा टेकला. स्वीकारले.

मग माझ्यातला ठेका हळूहळू बाहेर जाऊ लागला. मी तापलो. मारुतरावांच्या बोटांना चटका बसत असावा. पण त्यांनी तारेचा कोन सोडला नाही. धुक्यात टोलनाका आला, गाड्यांचे भोंगे वाजले, कोणी जागचे हलले नाही. जणू कडुनिंबाखालची ती खाटच बसमध्ये येऊन बसली होती. शेवटचा अंश गेला, निधी “आ गया!” म्हणून ओरडली, आणि मी विझलो.

पानिपतास काय झाले, हे मला ऐकू आले नाही. मी जाड कोटाच्या उजव्या खिशात, रुमालाखाली दडपलेला होतो. परंतु उन्मेषच्या स्पीकरवर ठेका सुरू झाला असावा, कारण जमीन हादरत होती आणि तो हादरा कोटातून माझ्यापर्यंत येत होता. लेझीमचे डाव मला तोंडपाठ आहेत. तिसऱ्या डावात काडी घसरली, तीही मला कळली. आणि मग खिशावर बाहेरून काही तरी आपटू लागले. मंद, उशिराने, ठेक्याच्या एक पाऊल मागे. तो उजवा हात होता. मारुतराव माझ्यावर हलगी वाजवीत होते.

परतल्यावर सर्वांनी कौतुक केले ते उन्मेषच्या स्पीकरचे. निधीच्या मोबाइलचेही झाले. माझा विषय कोणी काढला नाही. मला खणात ठेवण्यात आले. माझा राग गेलेला नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. इतके दिवस हाक मारूनही मला घरच्या माणसांनी परका ठरविले, हे मी विसरणार नाही.

मात्र मला एक गोष्ट समजली आहे, ती सांगून थांबतो. त्या आठवड्यात खिडकीबाहेर कडुनिंबाखाली पथकातल्या मुली आपापले मोबाइल घेऊन निधीभोवती बसल्या. निधीने सगळ्यांना ठेका दिला. “आजोबा, तिसऱ्या डावातली चूक कापू का?” तिने विचारले. मारुतराव म्हणाले, “राहू दे. हात माझाच होता, हे त्याच्यावरनं कळंल.” आणि एक मुलगी यादी पाहून म्हणाली, “ए निधी, ये खंदक पाच कौन है?”

“मैं हूँ,” निधी म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या वडीलधाऱ्यांचा आवाज, गाणे, ठेका एखाद्या जुन्या मोबाइलात पडून असेल, तर तो चुकीसकट आजच मागून घ्या. पुढच्या वर्षीची वाट पाहू नका. आपल्या वस्तूस नाव द्याल तर ते घरच्यांना सांगून ठेवा. आणि अनोळखी नावाची हाक आली, तर ती घेऊ नका, हे खरेच आहे, परंतु नाकारण्यापूर्वी शेजारच्या खोलीत डोकावून एकदा मोठ्याने विचारा, “कोण आहे?” कदाचित खणातून कोणी तरी उत्तर देण्याचा जिवापाड प्रयत्न करीत असेल.